एकादशीचा कांदा

अन्नाला जीभ नसते, सज्जनहो, तरी अन्न साक्ष देते. कोणाच्या हातून उतरले, कोणत्या दिवशी उतरले, कोणत्या मनाने उतरले, सारे सांगते. ऐकणारा कान हवा. चामराजपेटेतल्या मालनबाईंना अशी साक्ष दोनदा मिळाली. पहिली त्यांना वेळेवर ऐकू आली. दुसरी ऐकू आली तेव्हा एका मुलीला सलाईन लागले होते.

मालनबाईंच्या सासरची बेंगळुरात तिसरी पिढी. पती दामोदर गेल्यावर त्यांनी दाराशी लाकडी फळी टाकली आणि कचेरीला जाणाऱ्यांसाठी सँडविच करू लागल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीतला ताजा पाव, उकडलेला बटाटा, काकडी, कांदा, कोथिंबिरीची चटणी. नेम दोनच. पहिला घास आपण घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचे. आणि एकादशीला घरात कांदा चिरायचा नाही. त्या दिवशी त्यांचा उपास, म्हणून पहिल्या घासाचा मान शेजारच्या सुब्बाराव मास्तरांना. मास्तर म्हणत, पंचांग विकत कशाला घ्यायचे, अक्काचे सँडविच उघडले की तिथी कळते.

सत्त्याण्णव साली बसवनगुडीत काचेच्या दाराचे मोठे दुकान उघडले. आत थंड हवा, आत थंड कपाटे. तिथले मॅनेजर विनोदकुमार मालनबाईंच्या दारी आले, वाकून नमस्कार केला आणि रोजची चाळीस सँडविच मागितली. पाकिटावर बाईंचा हसरा फोटो असेल, खाली नाव असेल, मालनअक्का. त्या भोळ्या माउलीला फोटोचे अप्रूप वाटले. पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली.

महिना गेला आणि कुजबुज सुरू झाली. दारी पाच रुपयांना मिळणारे सँडविच तिथे पंधरा रुपयांना होते. लोकांनी तेही सोसले असते. पण पाव ओला नि चिवट, काकडी बुळबुळीत, चटणी काळवंडलेली.

"अक्का, पैसे तिप्पट आणि चव तिसऱ्या दिवसाची," सुब्बाराव हसत म्हणाले. मालनबाई हसल्या नाहीत.

शनिवारी त्या स्वतः दुकानात गेल्या आणि आपल्याच नावाचे पाकीट विकत घेतले. वर त्याच दिवसाची तारीख. उघडले. आत कांदा नव्हता.

एकादशी बुधवारी होऊन गेली होती.

त्यांनी नखाने तारखेची चिठ्ठी उचलली. खाली दुसरी निघाली, तिच्याखाली तिसरी, सगळ्यात खाली बुधवारची.

विनोदकुमारांनी त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, आवाज जरासुद्धा चढवला नाही. थंड्या कपाटात अन्नाला काही होत नसते, अक्कांनी स्वल्प, जरासे, समजून घ्यावे, एवढेच ते गोड बोलून सांगत राहिले.

"कपाट थंड आहे, अण्णा. पोट थंड नसतं." मालनबाईंनी सँडविच त्यांच्यापुढे सरकवले. "पहिला घास तुम्ही घ्या."

विनोदकुमारांनी कॉफी घेतली. सँडविचला बोटही लावले नाही.

उद्यापासून माझे सँडविच येणार नाही, असे सांगून बाई उठल्या.

"सरी, अक्का, ठीक आहे," विनोदकुमार म्हणाले. "नाव मात्र राहील. पाकिटं छापून झाली आहेत, आणि सही तुमची आहे."

हात नसेल तर नुसत्या नावाने काय होते, असे त्या भाबड्या जिवाला वाटले. पुन्हा फळी मांडली. गिऱ्हाईक पूर्वीसारखे वळेना.

पुढच्या एकादशीनंतरच्या सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या कृष्णवेणी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक पाकीट होते. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या मुलीने, रूपश्रीने, आदल्या दुपारी त्यातले अर्धे खाल्ले होते. रात्रभर उलट्या झाल्या, पहाटे इस्पितळात न्यावे लागले.

"तुमचं म्हणून घेतलं हो, अक्का," त्या म्हणाल्या आणि पाकीट पुढे केले.

मालनबाईंनी पाव उकलला. तारीख एकादशीची, आणि आत कांदा, जाड, पिवळट, पाणी सुटलेला. फळी टाकल्यापासून चौदा वर्षे त्यांच्या घरात त्या तिथीला सुरीला कांदा लागला नव्हता. पण ही साक्ष इस्पितळात कोण ऐकणार?

तरी पाकीट घेऊन दोघी इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, ही मालनअक्का कोण. कृष्णवेणींनी मान खाली घातली.

"नाव माझं आहे," मालनबाई म्हणाल्या. "हात माझा नाही."

डॉक्टरांनी फक्त नाव लिहून घेतले. सलाईन लावलेल्या रूपश्रीने अजून डोळे उघडले नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजत होते. एक वाजता कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी होते आणि ते थंड कपाट रिकामे होते, हे मालनबाईंना ठाऊक होते.

त्या रिक्षा करून दुकानात पोहोचल्या. काचेआड तीस हसऱ्या मालनअक्का ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्याकडे पाठ करून ती माउली कपाटाला टेकून उभी राहिली. पहिला हात पुढे आला, तिने तो दोन्ही हातांनी हळूच मागे सारला. माणसे थबकली, एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागली.

पलीकडे विनोदकुमारांनी, आवाज न चढवता, फोन उचलला. सही असलेला तो कागद त्यांच्या टेबलावर आधीच काढून ठेवलेला होता.