पोस्ट मोठ्यानं वाचा

आमच्या तालुक्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काही लिहिलं आणि कोणाला झोंबलं, की प्रकरण एका नायब तहसीलदारांपुढं येतं. ते न्यायाधीश नाहीत, तरी दंडाधिकारी म्हणून निकाल तेच देतात. ‘तसं पाहिलं तर’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. पोस्ट मात्र ते तक्रारदारालाच मोठ्यानं वाचायला लावतात. ही सवय मला आवडते. बाकी माणूस खटकतो.

परवा वांगी विकणाऱ्या एका काकूंना नोटीस होती: शांतता भंग होईल, म्हणून वर्षभराचं हमीपत्र का घेऊ नये? अमडापूरचा आठवडी बाजार बुडवून त्या आल्या होत्या. मी त्यांचा वकील म्हणून सोबत होतो.

तक्रारदार सरपंचांनी काकूंची पोस्ट वाचली. “सरपंचाच्या घरी रोज नळ येते, आमच्या गल्लीत काऊन नाही?” वाचता वाचता त्यांचाच आवाज खाली आला.

“साहेब, यात शांतता कुठं बिघडली?” मी विचारलं.

“तसं पाहिलं तर कुठंच नाही.” साहेबांनी हमीपत्र काकूंपुढं सरकवलं. “पण सही करा, ताई. उद्या गावात काही झालं, तर वरून मलेच विचारतील.”

पहिल्यांदाच ते आमच्यासारखं वऱ्हाडीत बोलले.

काकूंनी पेन उचलला नाही. “भेव तुमाले वाटते, त सही बी तुमीच करा ना.”

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागद परत ओढून त्यांनी पुढची तारीख टाकली.

तीही बाजाराच्याच दिवसाची.