हवा मानवली

सुताराच्या बायकोला गल्लीत सगळे 'रेडिओ' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तिला त्याचा राग नव्हता. उलट कधी घसा बसला तर तीच दारातून सांगायची, "आज स्टेशन बंद आहे, उद्या या."

पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. बायका कपडा टाकायला येत आणि तासभर बूड हलवत नसत. माप घेताना, काज करताना, दातात दोरा धरून असतानासुद्धा तिचं तोंड चालू असे. पोस्टमनचे बूट कसे करकरतात, दवाखान्यातली नर्स नाव कसं पुकारते, समोरची म्हातारी सुनेला ऐकू जावं म्हणून देवाशी कशी बोलते, सगळं नकलांसकट. मागच्या शेडमध्ये सुतार रंधा मारत असायचा आणि बाहेरचं हसणं ऐकायचा. तो स्वतः मुलखाचा घुमा. लग्न झाल्यापासून त्याच्या वाटचंही तीच बोलत आली होती, आणि त्याची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती तिच्या छातीची. गाव पाण्याच्या काठी. भिंतींना बारा महिने ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट. चाळिशीत तिला दमा लागला आणि पन्नाशीला तो पुरता घरचा झाला. मग ती तीन शब्द बोलायची आणि श्वास घ्यायची. "मग ती म्हणाली" आणि श्वास. "घर काय तुझ्या" आणि श्वास. मध्येच हात वर करून सगळ्यांना थोपवायची, पंप तोंडाला लावायची, आणि जिथे थांबली तिथूनच पुढे. गोष्ट अर्धी टाकून कोणी उठत नसे.

मागच्या थंडीत मात्र तिला दोनदा दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. छातीचे डॉक्टर सुताराला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध मी देतोच आहे हो, पण ही हवा त्यांना मानवत नाही. कोरड्या मुलखात न्या. पुढची थंडी इथे काढलीत तर मी कसलीच खात्री देणार नाही."

असं कोणी तोंडावर सांगितल्यावर माणूस काय करणार! सुताराने दोन दिवस कुठल्याच लाकडाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोचा धाकटा भाऊ आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि दोघं एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. तो म्हणाला, "ताई, आधी चार महिने राहून बघा. मानवलं तर या घरात आम्ही येतो. नाही मानवलं तर तुमचं घर तुम्हाला आहेच. फक्त थंडीच्या आत काय ते सांगा, म्हणजे मला दुसरीकडे बघता येईल."

तेव्हा चार महिने म्हणजे पुष्कळ वाटले होते.

कोरड्या मुलखात एका फर्निचरच्या कारखान्यात सुताराला काम मिळालं. राहायला बैठं घर, मागे जरा मोकळी जागा. ट्रकमधून बाकी सामान थोडंच आणलं, पण आपल्या हातच्या मुरवलेल्या फळ्या मात्र त्याने एकूण एक आणल्या. पाच वर्षं जपलेलं लाकूड! त्याच फळ्यांतून त्याने पहिल्याच पंधरवड्यात घरमालकिणीला एक दार करून दिलं, ओळख म्हणून. दार असं बसलं की सांध्यात नख शिरत नव्हतं. मालकिणीने ते दोनदा उघडझाप करून पाहिलं, मान हलवली आणि आत गेली.

दीड महिन्यात त्या दाराच्या फळ्या आखडल्या. आधी एक केसाएवढी चीर, मग दोन, मग तर करंगळी जाईल एवढी फट. आतला कंदील बाहेरून दिसायला लागला. तीस वर्षं नुसत्या बोटांनी लाकूड ओळखणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? पाणकाठच्या हवेत मुरलेलं लाकूड त्या हवेपुरतंच मुरलेलं होतं. इथे आल्यावर ते पुन्हा नव्याने सुकू लागलं. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हत्यारं घेऊन गेला तर मालकिणीने फटीत कापडाची पट्टी कोंबलेली होती. "चालेल," ती म्हणाली. बस. रागही नाही, बोलणंही नाही.

परत येताना तो वाटेत उभाच राहिला. जी हवा त्या दारातली ओल ओढून घेत होती, तीच घरी बायकोच्या छातीत जात होती. आणि खरंच, महिनाभरात तिचा पंप दिवसातून एकदावर आला होता. दुसऱ्या महिन्यात तो उशाशी नुसता पडून राहू लागला. ती टाकीवरून भरलेली बादली स्वतः आणायची, तीही मध्ये न टेकवता. रात्रभर सरळ झोपायची. तिच्या गालांवर चढलेला रंग सुताराने गेल्या दहा वर्षांत पाहिला नव्हता. नाचक्की गेली खड्ड्यात, असं त्याला वाटलं. त्या संध्याकाळी तो चक्क शीळ घालत घरी आला.

पण घरात शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली शीळ आपल्यालाच ऐकू येते आहे. घर चिडीचूप होतं. बायको खिडकीशी बसली होती, हातात काही नव्हतं.

तिने प्रयत्न केला नव्हता असं कोण म्हणेल! आल्या आठवड्यात दारावर पाटी लावली होती, 'कपडे शिवून मिळतील.' पण इथे सगळे तयार कपडे घेत. धुळीमुळे दारं-खिडक्या सदा लावलेल्या. ती पायरीवर जाऊन बसायची, तर येणारे-जाणारे मान हलवून पुढे जात. माणसं वाईट नव्हती हो. नळाला पाणी आलं नाही तर शेजारीण न मागता दोन हंडे आणून दारात ठेवायची. पण ठेवायची आणि वळायची. एकदा किराणा दुकानात सुताराच्या बायकोने आपल्या गावच्या दुकानदाराची अख्खी नक्कल करून दाखवली, तराजूच्या हेलकाव्यांसकट. दुकानदाराने ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "काय देऊ?"

हे तिने त्या रात्री जेवताना सुताराला हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र ती उठून ताटं घासायला गेली.

गावच्या मैत्रिणींना ती फोन करायची. सुरुवातीला रोज, मग दिवसाआड. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाली, "समोर बसलेल्या बाईशी बोलायला काही घडावं लागत नाही. फोनवर काहीतरी घडावं लागतं. आणि इथे काय घडतंय?"

आता तिच्याकडे दम होता. एका श्वासात लांबलचक वाक्य बोलता येईल एवढा. पण बोलायलाच कोणी नव्हतं. सुतार ऐकायला बसायचा बिचारा, पण ऐकणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं ते रंधा मारता मारता, दुसऱ्या खोलीतून, चार बायका हसत असताना. समोरासमोर बसून ऐकायची वेळ आली की त्याचं सगळं "हं" आणि "बरं" यातच आटपायचं. तोही या मुलखातला निघाला म्हणायचा! त्याला हे कळत होतं. पण स्वभाव काय कानशीने घासून बदलतो?

चौथा महिना सरत आला तसं त्याने एकदा धीर करून विचारलं, "काय करायचं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"अगं, पण तुला काय वाटतं?"

"मला श्वास घेता येतो," ती म्हणाली. "तुमचं कामही जमलंय. आणखी काय वाटायचं?"

ते खरं होतं, आणि त्यामुळेच त्याला पुढे विचारता येईना. परत जाऊ म्हणावं तर तिला मरणाच्या दारात उभं केल्याचं पाप. इथेच राहू म्हणावं तर ही अशी खिडकीशी बसलेली. रोज सकाळी तो एक ठरवायचा आणि संध्याकाळी दुसरं. कारखान्यातल्या सोबत्याला विचारलं तर तो म्हणाला, "तब्येत सुधारली ना? मग झालं तर!" जगाच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता.

शेवटी भावाला समोरासमोर सांगू म्हणून दोघं चार दिवसांसाठी जुन्या गावी आली. काय सांगायचं हे मात्र ठरलेलं नव्हतं.

तिने दार उघडलं आणि दहा मिनिटांत पुढची खोली भरली. खुर्च्या पुरेनात, शिवणयंत्र तिकडे गेलं होतं त्या मोकळ्या जागेत बायका बसल्या. मग सुरू झाली ती! फट पडलेलं दार, मालकिणीचं "चालेल," दुकानदाराचं "काय देऊ?" तिथे ज्यांनी तिचा जीव नकोसा केला होता, त्या सगळ्यांच्या नकला झाल्या. बायका पोट धरधरून हसत होत्या. सुतार मागच्या शेडमध्ये रिकाम्या बाकावर बसून ऐकत होता, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. परत यायचं, त्याने मनाशी पक्कं केलं. काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवशी तिचं वाक्य आखूड झालं. तिसऱ्या दिवशी तीन शब्द आणि श्वास. त्या दुपारी ती तिकडचा दुकानदार तराजू कसा धरतो ते दाखवत होती, तेवढ्यात हात वर केला आणि तो खाली आलाच नाही. पंप दिला, पाठ चोळली, खिडक्या उघडल्या, पण खिडकीतून येत होती तीच दमट हवा. तिचे डोळे सुतारावर खिळले होते. तो नुसता तिचा हात धरून उभा होता. लाकूड असतं तर तासलं असतं, ठोकलं असतं, काहीतरी केलं असतं. इथे करण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या तासाने डॉक्टरांचा माणूस सुई देऊन गेला तेव्हा कुठे तिचा श्वास खाली बसला. बायका एकेक करून निघून गेल्या.

संध्याकाळी भाऊ आला. दाराशीच उभा राहून, खाली बघत, त्याने विचारलं, "मग, काय ठरलं?"

सुताराने पलंगाकडे पाहिलं. घर दिलं तरी तो तिचा जीव घेणार होता आणि नाही दिलं तरी.

"घे तू घर," ती पलंगावरून म्हणाली. श्वास. "आम्ही तिकडेच राहतो."

भाऊ गेल्यावर सुतार तिच्याजवळ बसला. "मला का नाही ठरवू दिलंस?"

"तुम्ही ठरवलं असतंत," श्वास, "तर जन्मभर स्वतःला" श्वास "खात बसला असतात." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. कोरड्या मुलखात तिला पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. कोणी पाहुणा आला की तिची तब्येत बघून म्हणतो, "बरं झालं हो आलात, हवा छान मानवली." सुतार मान हलवतो. हल्ली कामावरून आला की तो मुद्दाम तिच्यासमोर बसतो, आणि बोलणं काढायचं म्हणून, सुचत नसलं तरी, काहीतरी विचारतो.

परवा त्याने विचारलं, "काय केलंस आज दिवसभर?"

ती थोडा वेळ आठवत राहिली. खरंच आठवत होती.

"श्वास घेतला," ती म्हणाली.