मालक कुठायत?

तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की मला भांडुपचा तो उतार आठवतो. जुन्या पिकअपला मी हौसेने मोठाले टायर घातले होते. त्यांच्या वजनाला जुने ब्रेक पुरेनात; त्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी घरंगळत गेली आणि भजीच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. घरी नवरा म्हणाला, "जुने टायर लाव परत. हट्ट सोड ना यार!" मी म्हटलं, "टायर राहणार. थांबायला गाडीने शिकावं, मी नाही शिकणार." दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांना मी मोठ्या ब्रेक डिस्क, स्प्रिंगचे जाड पाटे आणि नवे शॉकअप घालायला सांगत होते, आणि ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. "मालक कुठायत? त्यांना विचारून करू." काका मूळचे सोलापूरकडचे, त्यांच्या बोलण्यात बाईचा मालक म्हणजे तिचा नवरा. "मालक तुमच्याशीच बोलतेय, काका. घाला डिस्क." काम झाल्यावर मी त्यांनाच शेजारी बसवलं, त्याच उतारावर गाडी सोडली आणि अर्ध्यावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, नाकसुद्धा झुकवलं नाही. समोरची दांडी घट्ट धरलेले हात सोडवत काका म्हणाले, "मानलं, मालक." परवा डिझेल भरताना एकाने माझ्या नवऱ्याला विचारलं, "मालक, टायर झकास आहेत, कुठून घेतलेत?" नवरा म्हणाला, "मला काय विचारता? मालक स्टिअरिंगवर बसलेत."