तुटक्या ळचा बळीराजा

माझे वडील, दादा, नाशिकच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. छपाईत वाया गेलेली पत्रकं ते घरी आणत. आमच्या भांड्यांच्या फळ्यांवर तीच अंथरलेली असत. मोर्चाच्या, संपाच्या, सभांच्या त्या कागदांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर मी पहिलं लिहिलं ते पत्रकच. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, दिवाळी तोंडावर होती आणि विषय होता बळीराजा.

त्याची गोष्ट आईकडून आलेली. आई निफाडकडची. पाडव्याला दारात शेणाचा बळी करायची आणि दादांना ओवाळताना म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." वामन बटू होऊन आला, तीन पावलं जमीन मागितली. गुरूने बजावलं, हा फसवतोय, देऊ नको. बळी म्हणाला, शब्द दिला तो दिला. दोन पावलांत सगळं राज्य गेलं, तिसऱ्यासाठी त्याने डोकं पुढे केलं. मी लिहिलं, बळी हरला नाही, कारण त्याने शब्द मोडला नाही. ओळीओळीला 'बळी' होता.

दादांनी कागद वाचला. "बळी कमी कर."

"का? घाबरलात?"

"घाबरतोय कशाला! ळ पुरायचे नाहीत. खणात मोजकेच असतात. मधेमधे 'राजा' म्हण, 'तो' म्हण."

"'तो' म्हणून कोण पेटून उठणार, दादा? एकही बळी काढायचा नाही."

"मोठी पुढारी झालीस," म्हणत ते हसले. सुट्टीच्या दिवशी, छापखान्याच्या मालकांना, शेठना, न सांगता, त्यांनी पत्रक जुळवलं. ळ संपले तेव्हा बाद खिळ्यांच्या डब्यातले तुटके घेतले, उजवा गोल अर्धा उडालेले. छापखान्याचं नाव घातलं नाही. कॉलेजातल्या आमच्या गटाने ते रविवार कारंजापासून गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, घाटापर्यंत वाटलं. त्या दिवशी मी किती ताठ चालत होते, ते आठवलं की अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी, पत्रकात वामनाला फसवा ठरवल्यामुळे चिडलेले घाटावरचे एक पुरोहित छापखान्यात गेले. त्यांची पूजेची पुस्तकं तिथेच छापली जात. एका हातात जुनं पुस्तक, दुसऱ्यात माझं पत्रक. "शेठ, या तुटक्या ळची मी तक्रार केली होती ना? बघा, सगळे इथे जमलेत." त्याच तक्रारीवरून ते खिळे बाद झाले होते.

संध्याकाळी शेठ आमच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा बशीत ओतत म्हणाले, "मास्तर, अर्धं काम घाटावरचं आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, बाद खिळ्यांचा डबा चोरीला गेला. पुढचं मी बघतो."

आई स्टोव्हपाशी उभी. दादांच्या आधी बोलले ती मीच. "म्हणा ना, दादा. काय जातंय?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पोरी, तू काय लिहिलंस? एकेक अक्षर माझ्या हातातून गेलंय." मग शेठना म्हणाले, "चोर कोणाला ठरवणार? झाडणाऱ्या बाईला? मीच जुळवलं, शेठ."

"हरिश्चंद्र लागून गेलात!" शेठनी बशी खाली ठेवली. "मग उद्यापासून येऊ नका."

वीस वर्षांचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेले, म्हणाले, दोष माझा आहे. "तुला कुठे कामावर ठेवलंय, म्हणून काढू?" एवढंच ते बोलले. गटाकडे धावले. निषेधाचं पत्रक काढू, सगळे म्हणाले. ते छापणार कोण, हे मात्र कोणालाच सुचेना.

पाडव्याला आईने दारात बळी केला. दादा पाटावर बसले. त्यांची नखं पहिल्यांदाच स्वच्छ होती, शिशाची काळी रेघ नव्हती. आईने निरांजन उचललं, "इडा पिडा टळो" म्हणाली आणि थांबली.

"पुढचं म्हण," दादा म्हणाले.

"हिला सांगा. हिला सगळं पाठ आहे."

मी दारातल्या शेणाच्या बळीकडे पाहत राहिले. दादा टिळ्यासाठी डोकं पुढे करून तसेच बसून होते.