पाण्याखालची विहीर

आमच्या घरात सहल हा शब्द फक्त अप्पांच्या तोंडी होता. अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात त्यांचं सुताचं दुकान होतं, आणि दुकानात येणाऱ्या, मग घरच्या भिंतीवर लागणाऱ्या कॅलेंडरवर दरवर्षी हमखास एखादं तळं असायचं. मागं डोंगर, पुढं होडी, होडीत नवरा-बायको. अप्पा मूळचे दुधनीकडचे. त्यांच्या लहानपणी पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढंच. त्यामुळं पाणी दिसलं की या माणसाचं भान जायचं. रस्त्याकडेच्या डबक्यापाशीसुद्धा ते थांबायचे आणि खूश होऊन कानडीत म्हणायचे, "एष्टु नीरु!" म्हणजे किती पाणी! आम्ही दोघं भावंडं त्यावरून त्यांना पोटभर चिडवायचो.

आई भीमाकाठची, टेंभुर्णीच्या पुढची. तिला पाण्याचं कौतुक नव्हतं. नदीला आलेला पूर तिनं दारात बसून पाहिला होता. अप्पा कॅलेंडरसमोर उभे राहून होडीबद्दल बोलायला लागले की ती म्हणायची, "चित्रातलं पाणी चांगलं. ते चित्रातच राहतं."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भीमेवर धरण झालं, आईचं माहेर पाण्याखाली गेलं, आणि मामानं वरच्या माळावर नव्या गावठाणात पत्र्याचं घर बांधलं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पाणी थेट माळाच्या पायथ्याशी आलं. दसरा उलटल्यावर मामा कचेरीच्या कामासाठी सोलापूरला आला आणि आमच्याकडे उतरला. जेवताना म्हणाला, "दाजी, दिवाळीला पोरास्नी घिऊन या की. लई झ्याक दिसतंय बगा. नजर पुरत न्हाय असं पानी हाय."

अप्पा जेवायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर कॅलेंडर उमटलेलं मला स्पष्ट दिसलं.

"होडी आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाय की. कोळ्यांच्या हायत."

झालं. त्या घासापासून आमची सहल ठरली. मी चौदा वर्षांची होते. वर्गातल्या मुली महाबळेश्वरला जाऊन आलेल्या आणि वर्षभर तेच सांगत बसलेल्या. आता माझ्याकडेही सांगण्यासारखं काही येणार म्हणून मी हरखून गेले. दादा सोळाचा, नुकत्याच फुटलेल्या मिशीवर सारखं बोट फिरवणारा. त्यानं लगेच जाहीर केलं की तो हा काठ ते तो काठ पोहत जाणार. पोहायला त्याला मामानंच शिकवलं होतं, शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळके भोपळे बांधून. दोन उन्हाळ्यांत तो मासा झाला होता आणि तेव्हापासून सोलापुरातल्या सगळ्या मुलांना तुच्छ समजत होता.

"मामा, आपली विहीर कुठं आली आता?" त्यानं विचारलं.

"हाय की जागच्या जागी," मामा म्हणाला. "वरनं पानी आलंय येवडंच."

आई वाढत होती. तिची पळी आमटीच्या भांड्यातच थांबली. आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात जे आलं नव्हतं ते तिच्या डोक्यात आलं होतं.

ती विहीर मळ्याच्या खालच्या अंगाला होती. मोटेची, चौकोनी, दगडानं बांधलेली, आणि कठडा नसलेली. आमच्याकडे विहिरीला कठडा कोण बांधतो? बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावाचे आड आटले, नदीत वाळू राहिली, पण या विहिरीचा झरा टिकला. गाव तिच्यावर जगलं. गाव उठायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की निघण्यापूर्वी विहिरी बुजवून टाका, पुढं धोका होईल. बऱ्याच जणांनी ऐकलं नाही. मामाही म्हणाला होता, "जित्या झऱ्याची हीर बुजवायची? माजा हात न्हाय व्हायचा." आणि आईनं त्याला विरोध केला नव्हता. दोघं बहीण-भाऊ शेवटच्या दिवशी विहिरीवर गेले, आईनं हळद-कुंकू वाहिलं, खणानारळानं ओटी भरली, आणि दोघं मागं न बघता निघून आले. हे ओल्या मुलखातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्या लोकांना विहीर बुजवणं म्हणजे जिवंत माणूस पुरणं वाटतं.

जेवणं झाल्यावर आईनं विषय काढला. "पाणी माळाच्या पायथ्याशी आलंय म्हणतोस. मग मळा काठालाच आला की रे."

"व्हय. काठाला गुडघाभर, फुडं मांडीभर."

"आणि त्याच्या पुढं विहीर."

अप्पा हसले. "अगं, पाण्याखाली गेली म्हणजे ती आता विहीर कुठली? सगळं पाणीच."

"विहीर तीच आहे," आई म्हणाली. "फक्त दिसत नाही आता."

ती हे रागानं म्हणाली नाही. तोवर माझ्या डोळ्यांपुढचं पाणी निळंशार, सपाट होतं. तिच्या त्या वाक्यानंतर त्या पाण्याला एक जागा आली, जिथं पाय ठेवायचा नाही. मांडीभर पाण्यातून मी हसत पुढं चाललेय आणि पुढच्या पावलाला खाली काहीच नाही, हे तेव्हापासून मला सारखं दिसायला लागलं. भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून आईचा रागही आला. एवढी चांगली सहल ठरत होती.

आईनं डब्यातून मूठभर तूर आणली आणि फरशीवर मळा मांडला. ही बांधाची रेघ, हा लिंब, ही बोर, इथं खोप. मामा समोर मांडी घालून बसला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. आईनं एक चिंच उचलली आणि ठेवली. "इथं विहीर."

मामानं चिंच वीतभर पुढं सरकवली. "हितं न्हाय, आक्का. तितं. लिंबाच्या सावलीच्या भाईर."

"सावली संध्याकाळची धरतोस तू. सकाळी विहिरीवर सावली असायची. मी धुणं धुवायची तिथं." तिनं चिंच परत मागं घेतली.

"तू लगीन हून गेलीस की सोलापूरला. मी रोज मोट हाकलीया."

"पहिली चार-पाच वर्षं मीच नेत होते तुला तिथं कडेवर."

चिंच पुढं गेली, मागं आली. आधी गंमत वाटली. मग हळूहळू ध्यानात आलं की त्या रानात जन्मलेली ही दोन माणसं, आणि आपली विहीर नेमकी कुठं ते दोघांचं जुळत नाहीये. जुळणार कसं? लिंब नव्हता, बोर नव्हती. पाणी यायच्या आत सगळ्या गावानं आपापली झाडं तोडून सरपणाला वर नेली होती. बांध विरघळले असणार. खुणेला धरायला काहीच राहिलं नव्हतं. दोघांच्या डोक्यात एकेक मळा होता आणि ते दोन मळे वेगळे होते.

शेवटी आई म्हणाली, "मी पोरं आणते. पण आधी खूण लाव. लांब बांबू रोव, वर तांबडं फडकं बांध. लांबून दिसलं पाहिजे."

"मला डोळं झाकून घावंल ती."

"तुला घावेल रे. या दोघांना?"

मामानं आमच्याकडे पाहिलं, दादाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाला, "बरं. लावतो की. भाच्यांसाठी येवडं बी करू न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. मग आमच्या घरात तयारीची धांदल उडाली. अप्पांनी दोन नव्या चादरी आणल्या, काठावर अंथरून बसायला. उन्हाची टोपी आणली, ती घालून आरशात पाहिली आणि आम्ही हसल्यावर पुन्हा कधी घातली नाही. दादानं कुठल्याशा गॅरेजमधून ट्रकच्या चाकाची ठिगळं लावलेली ट्यूब मिळवली आणि ती माझ्यासाठी आहे असं सांगितलं, कारण त्याला स्वतःला असल्या गोष्टींची गरज नव्हती. आईनं ती दोनदा पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. मी माझ्या फ्रॉकांपैकी कुठला होडीत बसायला शोभेल यावर दोन दिवस घालवले.

आई करायचं ते सगळं करत होती. शेंगांची चटणी कांडली, कडक भाकऱ्या थापून, भाजून उन्हात वाळवल्या, त्या आठ-आठ दिवस टिकतात. पण मधेच थांबायची. एकदा कणीक मळताना तिनं परातीच्या कडेला बोटानं पुन्हा बांधाची रेघ ओढली आणि बराच वेळ तिकडं बघत बसली. दुसऱ्या वेळी दादाला हाक मारली आणि काहीच कारण नसताना त्याचा दंड चाचपून पाहिला. तो वैतागला. "आई, मला येतं पोहायला!"

"ज्याला येत नाही तो काठावर बसतो," आई म्हणाली.

एका संध्याकाळी अप्पांनी तिला समजावलं, "तुझ्या भावानं खूण लावलीही असेल एव्हाना. आता तरी हसून चल." आई म्हणाली, "लावली असेल." पण ती हसली नाही, आणि अप्पांनीही कॅलेंडरकडे पाहायचं टाळलं. या सहलीतून काही वाईट निघणार हे आम्हांला चौघांनाही वाटत होतं, असं मला आज वाटतं. फक्त ते वाईट आमच्याकडे येईल असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही दादाकडे बघत होतो, दादा पाण्याकडे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दारात एक माणूस आला. मामाच्या शेजारचा. ट्रक धरून आला होता, अंगावर धूळ होती. आईनं त्याला ओळखलं आणि पाणी आणायला वळली. तो म्हणाला, "पानी ऱ्हाऊ द्या, आक्का. बसा तुमी."

आई बसली नाही. उभ्यानंच तिनं ऐकलं.

मामा सकाळी बांबू घेऊन पाण्यात उतरला होता. काठावर मामी आणि हा शेजारी होता. मामानं ओरडून सांगितलं होतं की अजून लांब आहे, लिंबाच्या सावलीच्या पुढं आहे, आणि बांबू खांद्यावर टाकून बिनघोर चालत राहिला. तो आपल्या डोक्यातल्या विहिरीकडे चालला होता. खरी विहीर अलीकडेच होती, आईनं चिंच ठेवली होती तिथं. मांडीभर पाण्यातून तो एकदम दिसेनासा झाला. पडताना आतला दगड डोक्याला लागला असावा, कारण सगळ्या गावाला पोहायला शिकवणारा तो माणूस एकदाही वर आला नाही. कोळ्यांनी होडी आणून त्याला काढलं तोवर ऊन चांगलं वर आलं होतं.

शेजाऱ्यानं हे सगळं सांगितलं, कारण त्याला वाटलं बहिणीला माहीत असावं. त्याच्यात काही खोट नव्हती. पण तो बोलत असताना त्यानं गप्प व्हावं असं मला इतकं वाटत होतं की मी कानांवर हात ठेवले. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, "माझ्या जागेवर?"

"व्हय," तो म्हणाला. मळ्याच्या मांडणीचं मामानं त्याला सांगितलं होतं, हसत हसत.

दुसऱ्या दिवशी सहलीला जायचं होतं, त्याऐवजी आम्ही त्याच दिवशी मिळेल त्या गाडीनं निघालो. बांधलेलं गाठोडं सोडायला वेळ नव्हता, म्हणून तेच उचललं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. मामाच्या घरी आलेल्या माणसांनी आमच्या सहलीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी खाल्ली, आईनं स्वतः वाढली. नव्या चादरींवर बायका बसल्या. ट्यूब आम्ही सोलापूरला ठेवून आलो होतो, एवढी एकच गोष्ट.

मामी आईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "वन्सं, लई हौस हुती हो त्यास्नी, पोरं येनार म्हून." दुसरं काहीही म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. खूण लावायला सांगितल्याबद्दल तिनं दोष दिला असता तर आईला उत्तर तरी देता आलं असतं.

पाणी सुंदर होतं. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण होतं. संध्याकाळी तांबूस झालं आणि वर पक्ष्यांची रांग गेली. अप्पा काठापासून लांब, पाठमोरे बसले होते. दादा एकदाही पाण्याजवळ गेला नाही.

पुढल्या दीड वर्षात दादा मॅट्रिक झाला आणि पुण्याला शिकायला निघाला. स्टँडवर गाडी लागली. अप्पा घसा खाकरत पाकीट सांभाळ, उतरलास की पत्र टाक, असं सगळं सांगत होते. दादानं आईच्या पाया पडून वर पाहिलं आणि तसाच थांबला. सगळ्यांच्या आया त्या खिडक्यांखाली उभ्या राहून तेच ते सांगत होत्या, रस्ता बघून ओलांड, गर्दीत चढू नकोस, नदीवर जाऊ नकोस.

"सांग की काहीतरी," दादा म्हणाला.

आईचे ओठ हलले. मी तिच्या अगदी शेजारी होते. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि मान हलवून नाही म्हटलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून तिच्याकडे बघत होता, आणि ती त्याला काहीएक सांगायला घाबरत होती.