देव आमच्याकडे पाणी भरत होता तेव्हा

समस्त भाविकांना, सोलापुरातल्या तमाम सार्वजनिक नळांना आणि त्यांच्यापुढे ताटकळणाऱ्या घागरींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बहात्तरच्या दुष्काळात काही दिवस प्रत्यक्ष देव माझ्या घरी पाणी भरत होता. कुणी हसू नये. सगळी हकीकत सांगून झाल्यावरही हे विधान मी मागे घेणार नाही.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. सिद्धेश्वराच्या तलावाचा तळ उघडा पडून भेगाळला होता. आमच्या गल्लीत हगवणीची साथ आली होती आणि सकाळी दार उघडलं की आधी कानोसा घ्यायचा, आज रडणं कुठल्या घरातून येतंय. मी सात रस्ता चौकातल्या एका कापडदुकानात गज घेऊन उभा राहणारा माणूस. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि घरी आल्यावर कमलचा, माझ्या बायकोचा, चेहरा बघवत नव्हता. साथीनं तिला गाठलं होतं. डोळे खोल गेले, ओठांवर पापुद्रे धरले. डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यात जमिनीवरसुद्धा जागा नाही. उकळलेलं पाणी मीठ-साखर घालून सारखं पाजत राहा. पाणी थांबलं, की सगळं थांबलं." पाणी! त्या वर्षी सोलापुरात माणसाला काय आणायला सांगावं!

कोनाड्यात तो तलाव बांधणाऱ्या सिद्धरामेश्वरांची तसबीर होती. कमल रोज तिच्यापुढे तांब्याभर पाणी ठेवायची, दुष्काळातही. तिनं अंथरूण धरल्यावर मी तो तांब्या उचलला आणि तसबिरीला म्हणालो, "तुझा तलाव तुला भरता येईना, तू माझं काय भरणार?" मूल नव्हतं आम्हाला. ती गेली असती तर त्या खोलीत मी आणि ती तसबीर, एवढेच उरलो असतो, आणि आमचं दोघांचं बोलणं तर तिथंच खुंटलं होतं.

आमच्या गल्लीतल्या नळाची रीत सांगायला हवी. पाणी पहाटे यायचं, तेही थोडाच वेळ. म्हणून प्रत्येक घरानं संध्याकाळीच आपली घागर रांगेत लावायची. घागर म्हणजे माणूसच. मालक नळ येण्याआधी हजर झाला नाही, तर घागर बाजूला सारली जायची आणि त्या घरी त्या दिवशी तोंड धुवायलाही पाणी नसे. मी घागर लावली, रात्र कमलच्या उशाशी काढली, आणि पहाटे नेमका डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं आली होती. धडपडत दार उघडलं, तर उंबऱ्यावर आमची घागर, काठोकाठ भरलेली, वर ओलं फडकं झाकलेलं.

देवानं भक्ताच्या घरी कावडीनं पाणी भरल्याची गोष्ट आपण सगळेच आईच्या मांडीवर ऐकतो. मी तिथंच लोटांगण घातलं. आणि मग मी ते केलं, जे असल्या गोष्टी ऐकून वाढलेला माणूसच करू शकतो. ती घागर उचलून तसबिरीपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. असलं पाणी घाणेरडी लुगडी धुवायला वापरायचं? उकळायला चुलीवर ठेवायचं? कमलला मी त्यातून तीर्थ देऊ लागलो. तीर्थ घ्यायची रीत तुम्हाला ठाऊक आहे: पळीभर, तळहातावर. मधल्या वेळी घरातलं जुनं पाणी पुरवून पुरवून पाजत होतो.

संध्याकाळी दुसरी घागर रांगेत लावली आणि परीक्षा घ्यावी म्हणून पहाटे मुद्दाम घराबाहेर पडलो नाही. तीही भरून आली. तिलाही हळदकुंकू. मग कळशी लावली. तीही आली. कोनाड्यापुढे उतरंड सजली, आणि मी उदबत्तीच्या धुरात हात जोडून बसलो. जुनं पाणी संपलं होतं. कमलचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते, आणि मी पळी तिच्या तोंडाशी नेत होतो. शेवटी रांगेत लावायला घरात भांडंच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून नरसम्मा आत आली. शेजारच्या हातमागवाल्यांची बायको. तिची घागर कमलनं एकदा रांगेत मागे सारली होती. तेव्हापासून आमच्यात भिंत एक, पण बोलणं बंद.

"अण्णा, रांगेत तुमची घागर न्हाय," ती दारातूनच म्हणाली. "म्या म्हनलं, बाई गेली का काय."

मग तिला उतरंड दिसली. फुलं दिसली, कळशीवरचं कुंकू दिसलं. तिनं कमलच्या ओठांवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळली. "अय्यो! रोज पहाटं म्या भरून ठिवतेय, आन् तुमी त्याचं लोनचं घातलंय व्हय?"

समोर सगळा उलगडा उभा होता, कमरेला पदर खोचून. पण भक्तीची सवय वाईट. तिनं पेला घेतला तसा मी आडवा आलो. "हात लावू नका, नरसम्मा. ते देवाचं पाणी आहे."

कमल वाचली. नरसम्मा दिवसभर तिच्याजवळ बसून घोट घोट पाजत होती. नंतर मी तिला विचारलं, मला एका शब्दानं सांगायचं नाही का? ती म्हणाली, "कसं सांगनार? आपलं बोलनं बंद हाय की." उभं राहण्याइतकी ताकद आली तशा दोघी पुन्हा नळावर कडाकडा भांडल्या, आणि ते भांडण ऐकत मी घरात डोळे पुसत होतो. तसबिरीपुढचा तांब्याही मी पुन्हा भरून ठेवला. देवाला शरण जायचं म्हणजे तो जे रूप घेऊन येईल ते घ्यायचं, पदर खोचलेलं आणि आपल्याशी अबोला धरलेलं असलं तरी. आणि त्यानं दिलेलं कोनाड्यात न ठेवता तहानलेल्याच्या तोंडाशी न्यायचं. हे मला उदबत्ती लावून कळलं नसतं. ते कळलं, मी आडवा आलो तेव्हा. माझ्याकडे ढुंकूनही न बघता नरसम्मानं पेला त्या कुंकू लावलेल्या कळशीत बुडवला, दुसऱ्या हातानं कमलची मान उचलली आणि माझ्यावर फिस्कारली:

"आन् ही कुनाची हाय मग?"