मुद्देमाल: जिवंत कोंबडा, एक

आमच्या पोलीस ठाण्याचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं, ते नेमकं माझ्या नोकरीचा शेवटचा महिना चालू असताना. मी मुद्देमाल कारकून. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू माझ्या ताब्यात. आमच्या एवढ्याशा ठाण्याला कसला आलाय इतिहास, कपाळ! पण जुनी रजिस्टरं उघडली आणि कळलं, इतिहास आहे. तो मागच्या अंगणात दाणे टिपत होता.

झालं होतं असं. फार पूर्वी कोंबड्यांची झुंज लावली म्हणून तापीकाठच्या एका जवान शेतकऱ्याला पकडलं आणि त्याचा कोंबडा जप्त केला. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला तपशिलाचा भारी सोस. त्यानं लिहिलं, 'तांबडा कोंबडा, शेपटीत एक पांढरं पीस, जिवंत.' असला माल कोर्टाला विचारून लगेच विकून टाकायचा असतो, ते मात्र हा पठ्ठ्या विसरला. यथावकाश कोंबडा मेला, खटला काही मरेना. तेव्हाच्या कारकुनानं घाबरून गुपचूप तसाच दुसरा आणला. बदली झाली की येणाऱ्यानं मुद्देमाल मोजून घ्यायचा, हा आमचा रिवाज. म्हणून प्रत्येक जण पुढच्याला एक जिवंत कोंबडा मोजून देत आला. मी सहावा कोंबडा सही करून घेतला आणि तो धरून तीन माझ्या हातानं पुरले.

आणि त्याच महिन्यात निकाल लागला. शेतकरी निर्दोष, कोंबडा मालकाला परत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्ताचा कोंबडा होता पांढराफेक, कारण म्हसावदच्या बाजारात तांबडा मिळालाच नव्हता. मालकानं 'हा माझा नव्हे' म्हटलं की चौकशी लागणार आणि माझी निवृत्ती अडकणार. बायकोनं सकाळीच मेंदीत कुंकू कालवलं, शेपटीचं एक पीस सोडून कोंबडा रंगवून दिला आणि वर सुनावलं, की कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का कधी.

मालक आला तो काठी टेकत. दर तारखेला काळ्या मिशांचा हा गडी शेतातली कामं टाकून कोर्टात यायचा, ते मला आठवत होतं. आता मिशा पार पिकलेल्या. त्यानं कोंबडा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. मेंदी ओली होती. त्याचे तळहात लाल झाले. त्यानं हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोंबडा त्याचाच ना, असं मी कसंबसं त्याच्या अहिराणीत विचारलं, "आबा, हाऊ तुमनाच शे ना?"

"मन्हा तं कवयच मरी गया व्हई," आपला कोंबडा कधीच मेला असणार, हे तो शांतपणे म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मी हा म्हनं, तं आते तारीखले येवानं लागाव नही ना?"

मी मान हलवली. आता तारखेला यायला नाही लागणार.

"मंग हाऊच मन्हा शे."

अंगठ्याला शाई लावायला मी पॅड पुढे केलं. त्यानं ते बाजूला सारलं आणि मेंदीचाच अंगठा रजिस्टरवर उठवला. मग पिशवीत कोंबडा घालून तो स्टँडकडे गेला. साहेबांना दिलेल्या इतिहासात मी कोंबड्याचं नाव घेतलं नाही. पण रजिस्टरच्या त्या पानावरचा लाल अंगठा मला अजून दिसतो, आणि लाज वाटते.